गोळीवाल्या तिघी

आजारपणात रिपोर्ट साठतात, औषधांची पाकिटं साठतात, भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या शहाळ्यांचा तर ढीग होतो. आमच्याकडे त्याशिवाय किस्से साठले. रिपोर्ट फाईलला लावता येतात, किस्से कुठे लावायचे?

आम्ही तिघी. मी, आचोळ्याची सुनंदा आणि वसईगावाकडच्या वाडीतली कॅथरीन. तिघींचंही ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता हॉर्मोनची गोळी चालू आहे. गोळीचं काम एकच, गेलेल्याला परत येऊ द्यायचं नाही. त्या बदल्यात ती सांधे धरते आणि अंगातून गरम वाफा काढते. डॉक्टर म्हणतात, "चालत राहा, आखडणं कमी होईल." म्हणून रोज सकाळी माणिकपूरच्या मैदानात आमच्या फेऱ्या असतात.

*

फेऱ्यांपेक्षा अवघड काम बाकावरून उठण्याचं. आधी एकमेकींचे हात धरायचे, मग पुढे झुकायचं, मग "आई गं", मग थांबायचं, मग उरलेलं उठायचं. एका रिटायर्ड काकांनी विचारलं, "हे कुठलं आसन?"

सुनंदा गंभीरपणे म्हणाली, "उठासन. गुडघ्यांना चांगलं."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाकावर तीन काका हात धरून बसले होते. "आई गं"सुद्धा बरोबर जागेवर म्हणत होते.

*

वाफ कधी येईल सांगता येत नाही. सुनंदाला ती मासळी बाजारात आली. तिने दोन्ही हात कोपरापर्यंत पापलेटच्या बर्फात घातले आणि डोळे मिटून उभी राहिली.

कोळीण शांतपणे म्हणाली, "बाय, ह्यो बर्फ पापलेटचा हाय. तुला वेगला आनू काय?"

"आण," सुनंदा म्हणाली.

*

ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जावा म्हणून मला भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिलाय. घरातल्या भिंती फोटोंनी अडवलेल्या, म्हणून मी जिन्यातली भिंत धरली. चार दिवस सोसायटीचे सेक्रेटरी लांबून बघत होते. पुढच्या आठवड्यात बिल्डिंगला परांच्या लागल्या. लीकेज वेळेत शोधल्याबद्दल मीटिंगमध्ये माझा सत्कार झाला. शाल घालताना "हात जरा वर करा मॅडम" म्हणाले, तेवढा मात्र तो अजून जात नव्हता.

*

यंदा पावसाळ्यात सुनंदा एकदम येईनाशी झाली. आठवड्याने फोनवर म्हणाली, "बोटं मिटत नाहीत, कणीक मळता येत नाही. मी गोळी बंद केलीय. तुम्ही दोघी डॉक्टरांना सांगू नका."

मला धसकाच बसला. गोळी बंद म्हणजे काय, हे तिघींना पाठ होतं. कॅथरीनला घेऊन मी तिच्या घरी गेले. समजावलं, रागावले, शेवटी रडले. "डॉक्टरांना दुखणं सांग, ते काहीतरी बदल करतील. पण अशी आपल्या मनाने सोडू नकोस." ती नुसती "नको" म्हणत राहिली.

कॅथरीनला विकतच्या सिलिकॉनच्या पॅडने फार उकडतं, म्हणून ती घरी शिवलेल्या कापडी पिशवीत मूग भरून तीच आत ठेवते. दोन दिवसांपूर्वी ती चिंचोटीच्या धबधब्यावर चिंब भिजली होती. पिशवी काढून प्लास्टिकमध्ये गुंडाळली आणि पर्समध्येच विसरली. आता मला रुमाल द्यायला पर्स उघडली, तर ती हाताला लागली. तिने प्लास्टिक सोडून ती टीपॉयवर ठेवली. शिवणीतून चांगले पांढरे मोड बाहेर आले होते.

"आणि डॉक्टर म्हणत होते, काढलेलं परत उगवत नाही," कॅथरीन म्हणाली.

सुनंदाने वाकून मोड जवळून बघितले. मग उठली, आतून आपलं गोळ्यांचं पाकीट घेऊन आली, कॅथरीनपुढे धरलं आणि विचारलं, "तुझी हीच कंपनी का गं?"