येऊन राहिलेलं राज्य

नागपूरला उतरलो तेव्हा गाडी फक्त सात तास उशिरा होती, त्यामुळे स्टेशनवरचे हमाल तिच्याकडे संशयाने बघत होते. सत्तर-बहात्तर सालातला डिसेंबर. दर हिवाळ्यात मुंबईचं सरकार अधिवेशनासाठी इथे येतं, संत्री खातं आणि परत जातं. मीही पुण्याहून त्याच कामाला आलो होतो, फक्त माझ्या पिशव्या सरकारपेक्षा दोन जास्त होत्या.

सायकलरिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जाऊन राहिले, भाऊ?"

"अजून कुठंच राहिलो नाही. आत्ता तर उतरतोय!"

डिसेंबरात ऊन लागलेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. त्याने माझ्या हातातली पत्त्याची चिठ्ठी काढून घेतली आणि पेडल मारलं.

इतवारीतली गल्ली इतकी अरुंद, की टेम्पो आला की दोन्हीकडच्या दुकानांतली गिऱ्हाइकं पोट आत घेत आणि टेम्पो गेल्यावर सोडत. तिथे माझे साडू, देवीदासराव पेंटर. तीस वर्षं त्यांनी या शहराच्या भिंतींवर 'येथे थुंकू नये' लिहिलं. लोक वाचायला जवळ येत, आणि आलेच आहेत म्हणून थुंकून जात.

दुकानात बैलगाडी झाकेल एवढं कापड पसरलेलं. देवीदासराव त्यावर पालथे.

"या साडभाऊ (म्हणजे साडू)! झेंडा बनवून राहिलो. विदर्भाचा. रविवारी चढते."

वेगळं राज्य मागणारी तिथे एक समिती होती, दोन गल्ल्यांएवढी. अध्यक्ष एक वकीलसाहेब. राज्य मिळायचं तेव्हा मिळेल, पण त्याचा झेंडा आणि राजचिन्ह आधी तयार हवं, असं त्यांचं मत.

"आजवर लोकानं माझं काम थुंकाले वाकून पाह्यलं," देवीदासराव ब्रश धूत म्हणाले. "हे मान वर करून पाहतीन. पण वकीलसाहेबाले पसंत पडलं पाह्यजे. नाही तं रविवारी नुसती काठीच उभी राहीन."

झेंडा असा: पांढरा रंग कापसाचा, खालचा काळा पट्टा जमिनीचा. मधोमध ढाल. तिच्यावर कापसाचं बोंड, वाघ आणि एक हिरवागार गोळा.

"हा पेरू का?"

"संत्रा हाये."

"हिरवा?"

"झाडावर असाच पिकते. नारंगी होते तो तुमच्या पुण्याले पोचून."

वाघ पश्चिमेला, थेट मुंबईकडे डोळे वटारून होता. मी म्हटलं, झेंड्याला मागची बाजूही असते. तिकडून हाच वाघ कलकत्त्यावर गुरगुरणार. देवीदासरावांनी विचार केला. "बरं हाये ना. राखण दोन्हीकून होते."

दुपारी मेव्हणीने गोळाभात (बेसनाचे गोळे घालून शिजवलेला भात, वर फोडणीचं तेल) वाढला. तिखट असं, की दुसऱ्या घासाला मला माझे पणजोबा स्पष्ट दिसले. तिसऱ्या घासाला ते पाणी मागत होते.

शनिवारी वकीलसाहेब पाहणीला आले. वाघ, बोंड, संत्रा, सगळं पास. ते अडले ढालीखालच्या पट्टीवर. तिथे लिहिलं होतं, 'आपलं राज्य येऊन राहिलं'.

"अधिवेशनाले पुण्या-मुंबईचे पेपरवाले आले हायेत. भाषा शुद्ध पाह्यजे. पुण्याचा माणूस घरातच हाये, त्याईले विचारा."

मी घसा खाकरला. पुण्याच्या माणसाला भाषा विचारणं म्हणजे भुकेल्याला जेवतोस का विचारणं. म्हटलं, "आमच्याकडे 'येऊन राहिले' म्हणजे पाहुणे वळकटीसकट आले आणि आता हलत नाहीत. नुसतं 'आलं' लिहा."

"पण आलं कुठं गा अजून?" देवीदासराव काकुळतीने म्हणाले.

"आम्ही 'आलोच' म्हणतो तेव्हा तरी कुठे आलेलो असतो?"

वकीलसाहेबांना हे कायदेशीर वाटलं. 'येऊन राहिलं' पुसलं गेलं, 'आपलं राज्य आलं' झालं. देवीदासराव ब्रश धूत राहिले.

रविवारी मैदानात लाखभर माणूस होता. पोलिसांनी चाळीस मोजला, पण त्यांना मोजता येत नसावं. झेंडा वर गेला. धोतरातले एक म्हातारबुवा मान वर करून मोठ्याने वाचू लागले.

"आपलं राज्य आलं! कवा आलं गा?"

"आपल्याले तं कोणी सांगतलंच नाही!"

"आलं तं मग सभा काहून? चाला, कापूस वेचाचा पडला."

आणि लाखभर माणूस खरोखरच निघाला! पेपरवाले पोट धरून हसत होते. वकीलसाहेब माझ्याकडे बघत होते. देवीदासराव मात्र रिकाम्या होत चाललेल्या मैदानाकडे बघत होते. ते मला बघवेना.

"देवीदासराव, चुकलो. तुमचंच बरोबर होतं."

"मले मालूम हाये," ते म्हणाले आणि ओरडले, "झेंडा खाली घ्या गा!"

पेंटर लग्नालाही ब्रश घेऊन जातो. वकीलसाहेबांच्या टेबलावर झेंडा पसरून देवीदासरावांनी 'आलं' पांढरं केलं आणि 'येऊन राहिलं' बसवायला घेतलं. जागा पुरेना, शेवटचा 'लं' वाघाच्या शेपटीवर चढला. ओला झेंडा पुन्हा वर गेला. म्हातारबुवा अर्ध्या वाटेवरून वळले.

"हां, आता बराबर. येऊन राहिलं. बसा गा, वाट पाहू."

सगळे बसले. लाखभर हनुवट्या वर. देवीदासराव झेंड्याकडे पाठ करून त्या हनुवट्याच बघत उभे होते. काळ्या रंगाचा एक थेंब वकीलसाहेबांच्या पांढऱ्या टोपीवर पडला, तरीही कोणी खाली बघितलं नाही.

निघताना देवीदासरावांनी हिरव्या संत्र्यांची टोपली दिली. खोटं सांगत नाही, पुण्याला ती उघडली तेव्हा सगळी नारंगी होती.

संत्रं सोलता सोलता शेजारचे अण्णा दर हिवाळ्याला विचारतात, "काय हो, आलं का त्यांचं राज्य?"

"येऊन राहिलंय," मी सांगतो.

"वा! म्हणजे कायमचंच की!" अण्णा खूश होतात.

मी आता कुणाचंच मराठी सुधारत नाही.