टाकीची राखण

कुत्रं ठेवायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा निघाला तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. आमची वस्ती कर्जत आणि मिरजगावच्या मधे, डांबरी रस्त्यापासून दोन बांध आत. घरात चौघं: सासू-सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्या. त्या साली पाऊस दोनदा शिंतडून गेला तो गेलाच. होळीच्या आतच विहिरीचा तळ दिसला आणि टँकर सुरू झाला. तो चार दिवसांनी यायचा, कधी सहा दिवसांनी.

मामा ताटावर बसले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "उद्या कुत्रं मिरजगावला सोडून येतो. रस्त्याला हाटेलं हायती. कुनीबी तुकडा टाकंल, पानीबी मिळंल."

शेजारच्या वस्तीवाल्यानं आदल्याच दिवशी त्याचं तांबडं कुत्रं पोत्यात घालून, तोंड तेवढं बाहेर ठेवून, मोटारसायकलवर तिकडं नेऊन सोडलं होतं. आजूबाजूच्या बऱ्याच वस्त्यांवर तेच चाललं होतं. एरवी कुत्र्याच्या पाण्याचा कुणी विचारही करत नाही. भांडी घासली की खरकटं पाणी त्याच्या खापरात पडतं आणि त्यावर त्याचं भागतं. पण आता आम्ही भांडी कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो, अंघोळीचं पाणी परातीत धरून म्हशीला पाजत होतो. कुत्र्याला द्यायचं तर माणसांच्या पाण्यातूनच द्यायला लागायचं. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या. मामांचं चुकत नव्हतं, हे आज कळतं.

तेव्हा मात्र मी भडकले. माझी जीभ आधीपासून तिखट, माहेरी मला वकिलीणबाई म्हणायचे. शिवाय त्या कुत्र्यावर माझा जीव होता. लग्न होऊन आले तेव्हा त्या वस्तीवर पहिल्यांदा माझ्या मागंमागं फिरलं ते तेच. काळं, एका कानाचं टोक पांढरं. त्याला नाव नव्हतं. नाव ठेवलं की लळा लागतो, असं मामांचं मत. म्हणून सगळे त्याला "यू यू" करूनच बोलवायचे, आणि लळा लागायचा तो लागलाच होता.

"आन् मग टाकी कोन राखनार?" मी म्हणाले. "तुमी दिसभर रानात, आमी टँकरमागं. शेजाऱ्याचं आर्धं पिंप आजच भरदुपारी उपसून न्हेलं, तवा त्यांच्याकडं कुत्रं आसतं तर न्हेलं आसतं का?"

घराच्या कडेला दगडी ओट्यावर आमची काळी प्लास्टिकची टाकी होती. टँकर आला की ती भरायची आणि पुढच्या टँकरपर्यंत तीच आमची विहीर. तिच्या झाकणाला नवऱ्यानं साखळी लावून कुलूप घातलं होतं, तोटीलाही कुलूप. दोन्हीला एकच चावी. ती मी गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवून ठेवायचे.

मामा घास चावत राहिले. मग म्हणाले, "बरं. ऱ्हाऊंद्या राखनीला."

मी जिंकले. भाकरी तव्यावर टाकताना मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्याला कामाला लावून मी त्याचा जीव वाचवला, असं मी त्या दिवशी आत्यांनाही बोलून दाखवलं.

चैत्र सरला तसा आसपासचा सगळा मुलूख ओस दिसायला लागला. निम्म्या वस्त्यांवरची माणसं ऊसतोडीला गेली होती, ती परत येऊनही इथं थांबली नाहीत. कडब्याच्या गंज्या संपल्या. म्हातारी जनावरं बसायला लागली, आणि बसलेली उठेनात. मेलेलं जनावर ट्रॅक्टरमागं बांधून ओढ्यात नेऊन टाकायचे. सोडून दिलेली, मागं राहिलेली कुत्री त्या ओढ्यात जमली. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात माणसाच्या गालाची हाडं वर आली होती, गाईंच्या फासळ्या मोजता येत होत्या. अंगानं भरली होती ती फक्त ओढ्यातली कुत्री. दिवसाढवळ्या दहा-बारा एकत्र फिरायची आणि भुंकायची नाहीत. तुम्ही चाललात की चालणं थांबवून नुसती बघायची. एकदा त्यांनी एका वस्तीवरचं जिवंत वासरू पाडलं.

त्यानंतर मामांनी आमच्या कुत्र्याच्या गळ्यात साखळी घातली. "कच्च्या मासाची चव लागली की ते आपलं ऱ्हात न्हाई," ते म्हणाले. साखळीचं दुसरं टोक टाकीच्या ओट्यातल्या लोखंडी कडीला. टाकीच्या सावलीत बसायचं, सावली फिरेल तसं आपणही फिरायचं, एवढीच त्याला मोकळीक उरली. मला ते आवडलं नाही, पण राखणीची अट मीच घालून दिली होती. बांधलेलं कुत्रं राखण चांगली करतं, असं मीच वर म्हणाले.

आणि त्यानं केलीही. एका दुपारी दोघं मोटारसायकलवर चार कॅन बांधून बांधापर्यंत आले. हे असं उसळलं की साखळी तुटते की काय असं वाटलं. ते दोघं गाडी न थांबवताच वळले. त्या दिवसापासून मामा स्वतःच्या भाकरीतला चतकोर त्याच्यासाठी ठेवायला लागले. मी त्यांना चिडवलं, "काय मामा, मिरजगावला कवा जायचं?" ते हसले. त्या उन्हाळ्यात मी त्यांना हसताना बघितलं ते तेवढंच.

वैशाखात पाच कोसांवर चारा छावणी उघडली. छावणी म्हणजे उघड्या माळावर हिरव्या जाळीच्या मांडवांच्या रांगा. जनावराच्या कानात बिल्ला मारायचा, दावणीला बांधायचं, आणि उसाचं वाढं, पेंड, पाणी मिळत राहतं. माणसानंही तिथंच जनावरापाशी मुक्काम करायचा. आम्ही दोन गाई, म्हैस आणि अंथरुणं घेऊन गेलो. कुत्र्याचं विचारलं तर छावणीवाला म्हणाला, "न्हाई जमायचं. जनावरं बुजत्यात. एकाचं घेतलं की शंभर येतील."

म्हणून कुत्रं वस्तीवरच राहिलं. घरात कुणी नाही, टाकी भरलेली. मी आणि नवरा संध्याकाळी गाडीवर जायचो, टँकर येऊन गेला असेल तर टाकी बघायचो, तोटी उघडून एक घागर छावणीत प्यायला न्यायचो, त्याचं खापर काठोकाठ भरायचो, भाकरी टाकायचो. निघताना ते भुंकायचं नाही, साखळी ताणून नुसतं उभं राहायचं. मी मागं बघायचे नाही, रडू यायचं.

दावणीला आमच्या शेजारी बांधलेली जनावरं त्याच शेजाऱ्याची होती, तांबडं कुत्रं सोडून आलेल्याची. तो रोज सकाळी आपलं घर बघून यायचा.

छावणीत पंधरवडा झाला असेल. दुपारी मामा म्हशीला पेंड टाकता टाकता खाली बसले आणि आडवे झाले. डोळे उघडे, पण ओळख नाही. नवऱ्यानं जीप बोलावली. कर्जतला दाखवलं, तिथून नगरला न्यायला सांगितलं. मी उशाला बसून त्यांच्या तोंडावर ओला पदर फिरवत होते. आत्या जनावरांपाशी राहिल्या.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय, मूत्रपिंडावर ताण आलाय. आमच्या वाटणीला उरावं म्हणून मामा स्वतः कमी पीत होते, हे तिथं कळलं. सलाईन लागलं. पहिला दिवस धावपळीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला वाकले आणि गळ्यातली चावी नळाच्या तोटीवर वाजली.

मी तशीच उभी राहिले. टाकीची चावी एकच होती, आणि ती नगरला होती.

बाहेर येऊन आत्यांना फोन लावला. मामांचं सांगून झाल्यावर विचारलं, "आत्या, कुत्र्याला पानी कोन देतंय?"

"त्याची नको काळजी करू बाई," त्या म्हणाल्या. "शेजारी जातोय की रोज. भाकर टाकतोय."

मी पाण्याचं विचारलं होतं आणि उत्तर भाकरीचं आलं होतं. ते मला कळलं. अगदी त्याच क्षणी कळलं, उगाच खोटं कशाला बोलू. मला पुढं एवढंच म्हणायचं होतं की त्याला कुलूप तोडायला सांगा. पण कुलूप तोडलं की उघडी टाकी, आणि उघडी टाकी एका दुपारीत रिकामी. मामांना घरी नेलं की त्यांना पाजायचं काय? शेजारी शहाणा आहे, कुठूनतरी तांब्याभर घालेलच, असं मी मनाशी म्हटलं. "बरं," असं म्हणून मी फोन ठेवला.

त्यानंतरचे तीन दिवस मी मामांच्या उशाला बसून सलाईनचे थेंब बघत होते. नवऱ्याला एकदा म्हणाले, "तुमी जाऊन या की वस्तीवर." तो रक्ताच्या रिपोर्टसाठी रांगेत उभा होता. "उद्या बघू," म्हणाला. मी पुन्हा म्हणाले नाही. वादात एरवी कुणाचं न ऐकणारी मी, तिथं एका शब्दावर गप्प बसले.

पाचव्या दिवशी मामांना सोडलं. छावणीतल्या धुळीत त्यांना ठेवू नका, घरी न्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जीप दुसऱ्या बांधावर आली तेव्हा मामांनी मान वर केली.

"भुकंना कसं?" ते म्हणाले.

घरामागच्या बाभळीवर कावळे बसले होते. जीप अगदी अंगणात आली तरी ते उडाले नाहीत.

ते टाकीला टेकून पडलं होतं. ज्या बाजूला तोटी, त्या बाजूला. तोटीचं कुलूप आणि आजूबाजूचं प्लास्टिक दातांनी ओरबाडलेलं होतं, पण टाकी फुटली नव्हती. खापर पालथं. समोर पाच भाकरी पडल्या होत्या. एक अर्धी खाल्लेली, एकीचा कोपरा तोडलेला, आणि बाकीच्या तीन जशा पडल्या तशा वाळून कडक झालेल्या. कोरड्या घशाखाली भाकरी उतरत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगायला लागत नाही.

शेजारी संध्याकाळी आला आणि डोकं धरून बांधावर बसला. "मी लांबूनच टाकायचो," म्हणाला. "जवळ येऊ देत नव्हतं मला. पान्याच्या टाकीपाशी पानी घिऊन कोन जाईल, तुमीच सांगा. मला वाटलं तुमी भरून ठिवलंय. दोन दिस झालं भुकत नव्हतं, मी म्हनलं आता वळखायला लागलं मला."

नवऱ्यानं लिंबाखाली खड्डा केला. मामा खाटेवरून बघत होते. मग त्यांना तहान लागली. मी गळ्यातली चावी काढली. कुलूप वेडंवाकडं झालं होतं, चावी फिरेना, मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. टँकर मधे एकदा येऊन गेला होता. टँकरवाल्यांनी वरच्या झाकणाची साखळी सैल करून फटीतून नळी घातली होती आणि कुत्र्यासमोरच टाकी भरली होती. तांब्या भरून मी मामांना दिला. ते सावकाश सगळा प्यायले. मग नवरा प्यायला. मग मी प्यायले. पुढचे सहा दिवस आम्ही तेच पाणी प्यायलो, कारण दुसरं नव्हतं. मला ते गोड लागलं, याची लाज मला अजून वाटते.

मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उत्तर द्यायची सवय होती मला.

आता आम्ही नगरला सावेडीत फ्लॅटमधे राहतो. मामा गेले, आत्या आमच्याजवळ असतात. वस्तीवर दुसरं कुत्रं आणलं नाही. कुणी आणायचं म्हटलं की मी विषय बदलते.

कुत्रं गेलं त्याच साली दिवाळीच्या सुमारास, पाऊस होऊन गेल्यावर, मी माहेराहून येताना मिरजगावला गाडी बदलायला उतरले होते. हॉटेलापुढं बाकावर बसले तर एक तांबडं कुत्रं उठून माझ्याकडं आलं. शेजाऱ्याचं होतं. मी लगेच ओळखलं, आणि त्यानंही मला. शेपटी हलवत माझ्या पायांचा, पिशवीचा वास घेतला. अंगानं चांगलं भरलं होतं, केस चकाकत होते.

माझ्याकडं पाण्याची बाटली होती. मी झाकण काढलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडापुढं धरलं. त्यानं वास घेतला, एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि जाऊन पंक्चरच्या दुकानापुढच्या भरलेल्या हौदाशेजारी आडवं झालं. त्याला तहान नव्हती.