नुसता राहिला, म्हणजे काय करून राहिला?

अकोल्यात माझी खोली एका गादीवाल्यांच्या घरावर आहे. खाली दुकान, मागे त्यांचं घर, वर मी. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. घरमालकिणीला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणते. जिन्यात भेटली की ती रोज एकच विचारते, "खाना हुआ, बेटी?" मी हो म्हणते, झालेलं असो नसो. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, तिथं दिवसभर बोलते; पण ते पोटासाठीचं बोलणं. घरगुती बोलणं म्हणाल तर हे एवढंच.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, मिरवते. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या घरात पदवी घेतानाचा माझा फोटो टीव्हीच्या वर टांगलेला आहे, देवाच्या फोटोपेक्षा मोठा. बाबांनीच टांगला.

त्या पदवीसाठी अमरावतीला वसतिगृहात राहिले. पहिल्याच वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून "मले वाटते" निघालं आणि पुढची रांग हसली. हसणारे कोण, तर घरी गेल्यावर स्वतः "मले" म्हणणारे! मी ठरवलं, पुन्हा हसू द्यायचं नाही. "मले"चं "मला" केलं, "काहून"चं "का" केलं. आमच्याकडे बायाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. मी "येते, जाते" म्हणू लागले. पुढेपुढे एसटीत बाया विचारायच्या, "ताई, तुमी पुण्याच्या काय?" मला बरं वाटायचं. अजूनही वाटतं, खोटं कशाला बोलू.

फक्त घरी फोन केला की वहिनी फोन दादाकडे देऊ लागली. मागून तिचा आवाज यायचा, "तुमीच बोला बाप्पा, मले नाई जमत त्याईच्यासंगं." दादा विचारायचा, "बरी आहेस ना?" बरी आहे. "बरं, ठेवतो मंग." संपलं. माझ्याशी बोलताना आमच्या घरची माणसं शाळेत साहेब आल्यासारखी सावरून बसत, हे फोनवरूनही कळायचं.

लहान मुलांसाठी गोष्टी लिहायच्या हे वेड मला वसतिगृहातच लागलं होतं. लहानपणी शाळेच्या वाचनपेटीतल्या पुस्तकांतली मुलं समुद्रावर जायची, शिंपले गोळा करायची. मी बापजन्मी समुद्र पाहिला नव्हता, पण त्या मुलांच्या मागे मागे फिरायची. तशा गोष्टी आपण लिहाव्यात असं वाटायचं. लिहिल्या, मासिकांना पाठवल्या. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका संपादकबाईंनी आपणहून फोन केला. म्हणाल्या, "भाषा फार स्वच्छ आहे हो तुमची." मी वाट पाहिली. गोष्टीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

मग मी मनाशी सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. दादाची मुलगी, माझी भाची, नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. नवी गोष्ट तिला वाचून दाखवायची. तिनं शेवटपर्यंत ऐकली तर लिहीत राहायचं. मधेच उठून गेली तर हे वेड बंद, मुकाट्यानं नेट-सेटचा अभ्यास.

संक्रांतीच्या सुमाराला गाडीनं बडनेरा, चांदूर करत घरी गेले. परतायच्या दिवशी अंगणात वहिनीनं तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. भाची मांडीवर टोपलं घेऊन बसली. मी कागद काढले. गोष्ट एका छोट्या बगळ्याची होती. मी माझ्या त्या स्वच्छ भाषेत वाचू लागले. भाची शेंगा सोलत होती, नजर टोपल्यात. मी वाचलं, "सगळे बगळे दूरदेशी उडून गेले. छोटा बगळा झाडावर एकटाच राहिला."

मी थांबले. हे वाक्य लिहिताना अकोल्यात माझे डोळे भरून आले होते.

भाचीनं मान वर केली. "काय करून राहिला?"

"एकटाच राहिला."

"हाव, पन काय करून राहिला?"

"काही नाही गं. नुसता राहिला. म्हणजे मागे उरला."

"नुसतं कोनी राहते काय?" ती माझ्यावरच चिडली. "खाऊन राहिला, का झोपून राहिला, का रडून राहिला? सांग ना!"

खाटेवरून बाबा म्हणाले, "शेंगा खाऊन राहिला असंन. तुह्या टोपल्यातल्या."

दारातून वहिनी हसत म्हणाली, "सांगा ना आता, आत्याबाई! पोरीनं बराबर धरलं तुमाले."

वहिनी माझ्याशी थेट बोलली, हे माझ्या लक्षात आलं. पण त्याहून मोठं काहीतरी डोक्यात अडकलं होतं. पोरीच्या कानाला "राहिला" हा शब्द एकटा माहीतच नव्हता. आमच्या बोलीत त्याच्या आधी काहीतरी चालू असतं. जेवून राहिला म्हणजे जेवतो आहे; तसंच हसून राहिला, भांडून राहिला. तो शब्द एकटा पाडायला मी शिकले होते. माझ्या बगळ्याजवळ करण्यासारखं काही नव्हतंच. लिहिताना मी त्याला झाडावर बसवलं आणि त्याच्यासाठी रडले, एवढंच.

"तो," मी म्हणाले आणि कागद खाली ठेवले, "तो खाली पाहून राहिला होता."

"काय पाहून राहिला?"

"म्हैस. म्हशीच्या पाठीवर किडे दिसले त्याले."

"त्याले" कसं निघालं मला कळलं नाही. भाची टोपल्यासकट सरकून माझ्या गुडघ्याला टेकली.

"मंग?"

"मंग तो गेला म्हशीपाशी. म्हैस म्हणे, काहून बे, माह्या पाठीवर काय करून राहिला?"

पुढे म्हैस नाल्यात बसली, बगळा भिजला, दोघांचं भांडण झालं. वहिनी परात हातात घेऊन उभीच होती. तेवढ्यात स्टेशनला जायचा ऑटो आला आणि गोष्ट नाल्यातच राहिली. भाचीनं माझी बॅग धरून ठेवली. "बगळ्याचं काय झालं, ते सांगून जाय!" मलाच माहीत नव्हतं. शेवटपर्यंत तिनं ऐकली असं म्हणता येणार नाही, कारण शेवट झालाच नाही. पण ती उठून गेली नव्हती.

अकोल्याला आले. खालाचा प्रश्न तोच, यंत्राची घरघर तीच. खोली रिकामी असली की रिकामीच असते. एका गोष्टीनं ती भरते असं मी सांगणार नाही. कपडे न बदलता टेबलाशी बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरून फोन आला. एरवी मीच करते. पलीकडून भाची.

"आत्या, काय करून राहिली?"

या प्रश्नाला मी आजवर "काही नाही, आहे" असं उत्तर देत आले.

"लिहून राहिली," मी म्हणाले.

"निघाला काय बगळा नाल्यातून?"

"नाई अजून."

"मंग काय करून राहिला तो?"

मी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. "थांब जरासक," म्हटलं, "पाहून सांगतो."