खोपीतली लांब लाकडं

"धूर झालो तर दोष लाकडाचो नाय, फोडणाऱ्याचो," हे विठ्ठलाचं जन्माचं वाक्य. कुणाच्या चुलीपाशी बाईनं डोळे पुसलेले दिसले की तो विचारायचा, "फोडल्यान कोणी?" लाटंबार्से गावातल्या निम्म्या चुली त्याच्या कुऱ्हाडीवर पेटत. शाळा दुसरीपर्यंतच, पण लाकडाचं पोट त्याला वाचता यायचं. किंदळ कुठल्या अंगानं चिरेल, काजू किती उन्हं खाल्ल्यावर तडतडायचा थांबेल, फणसाची गाठ पाचर कुठून घेईल, हे तो ओंडक्यावर नुसता तळवा ठेवून सांगे.

काजूचा हंगाम सरला की कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळून तो बसनं आमोण्याला यायचा. धाकट्या बहिणीचा, सुलोचनेचा, पावसाळ्याचा पुरुमेंत अर्धा त्याच्या हातचा. चार महिन्यांचे तांदूळ, मीठ, सुकी मासळी ती भरी, लाकूड तो. कंडक्टर दरसाल गोणपाटाला हात लावून विचारी, "आजोबा, हत्यार काय?"

"हत्यार कसला रे? भैणीची ओवाळणी ती."

गोवा राज्य झालं त्या मे महिन्यातही तो आला. सुलोचनेचा नवरा भिकाजी ओसरीवर आरामखुर्चीत होता. पंचवीस वर्षं त्यानं खाणीवर काम केलं होतं, आणि खाणीची तांबडी धूळ आता त्याच्या छातीत घर करून होती. चार शब्द बोलला की तो दम घ्यायला थांबे. शिगम्याच्या आधी डॉक्टरांनी सुलोचनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पावसाळा निघणं कठीण. हे तिनं एकट्या दादाला सांगितलं, आणि पदर पसरून म्हणाली, "त्यांका कळूक नको. कळला तर तो माणूस खुर्चीतच सोपून जायत."

पहिले चार दिवस नेहमीसारखे गेले. परसातल्या खोपीत हात हात लांबीची लाकडं भिंतीसारखी चढली. प्रत्येक थर आधीच्यावर आडवा, मधे वारा खेळेल एवढी फट. त्याची रास कधी कुणी ढासळलेली पाहिली नव्हती. पाचव्या दिवशी मात्र तो बांधावरच्या म्हाताऱ्या आंब्याकडे गेला. गेल्या साली वादळात पडून तो उन्हात खडखडीत वाळला होता.

सातव्या दिवशी सुलोचना खोपीमागे शेणी आणायला गेली आणि जागीच थिजली. मागच्या अंधाऱ्या अंगाला, नारळाच्या झावळ्यांखाली, आंब्याची लाकडं होती. हातभर नव्हे. चांगली लांब, जाड, न फोडलेली. एवढ्या लांबीचं लाकूड कुठल्या चुलीत जात नाही. ते कुठं जातं हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

ती विठ्ठलासमोर जाऊन उभी राहिली. आवाज दाबून म्हणाली, "ही कोणासाठी?"

तो कुऱ्हाडीचं पातं पुसत राहिला.

"माझो घोव जितो आसा, दादा! ओसरीर बसून पेज जेवता! आणि तू तेची लाकडां रचतस? फोड ती. आत्ताच्या आत्ता चुलीएवढी कर." दाबलेला आवाज चढत गेला होता.

विठ्ठलानं कुऱ्हाड जमिनीला टेकवली. "सुलू, आवशीचा आठव."

तिला आठवलं. आषाढातला दिवस, मसणातलं पाणी, शेजाऱ्यांनी आपापल्या खोपीतून काढून दिलेली अर्धी ओली लाकडं. राळ टाकली, करवंट्या टाकल्या, रॉकेल ओतलं. धूर मात्र उठत राहिला, नुसता धूर, आणि आई दुसऱ्या सकाळपर्यंत धुमसत राहिली. त्या दिवशी विठ्ठल वीस वर्षांचा होता. लाकडं त्यानंच फोडली होती.

"मी परत तसा बघूचंय नाय," तो म्हणाला.

"आणि तेंनी ही लाकडां बघितली तर?"

"दादा!" ओसरीवरून हाक आली. दोघंही दचकली, आणि ओसरीपाशी आली.

भिकाजीनं रेडिओ बंद केला. त्यावर नव्या राज्याची भाषणं चालली होती. त्यानं दम घेतला. "एका ओंडक्याक तुमचे चार तोड पडतत. परवापासून... एकच पडता. मी हंय बसून दुसरा काय करतंय? आयकतंय."

सुलोचनेनं खांबाला धरलं. दोन महिने झाकलेलं ते असं उघडं पडलं होतं, कुऱ्हाडीच्या आवाजानं.

"सुलोचना, तेंका फोडूक लावू नको." तो हसला की खोकला, कळलं नाही. "जन्मभर धूळ खाल्लंय. आता धूर तरी नको."

मग दम घेऊन, "खोपीचा मागचा अंग गळता. गेल्या साली गळलेला. पडवीत आणून रचा. सुकी रवतली."

विठ्ठल खोपीमागे गेला, पाठोपाठ सुलोचना. विठ्ठलानं एका लाकडाचं टोक उचललं. दुसरं टोक तसंच जमिनीवर. तो एकटा नेऊ शकला असता, पण वाकलेला तसाच थांबला. बऱ्याच वेळानं सुलोचनेनं पदर खोचला आणि दुसरं टोक उचललं. अकरा लाकडं होती. भिकाजीच्या खुर्चीसमोरून अकरा खेपा झाल्या. प्रत्येक वेळी त्यानं पाय आखडून वाट दिली.

शेवटचा थर विठ्ठलानं तीनदा उतरवला, तीनदा चढवला. मग हातपाय धुतले, चहा घेतला नाही, कुऱ्हाड गोणपाटात गुंडाळली आणि पायरी उतरला. दरसाल पायरीवर वळून तो "येतंय" म्हणायचा. मर्तिकाच्या घरून निघताना माणूस येतो म्हणत नाही. तो वळलाच नाही.

"दादा!" भिकाजीनं पुन्हा हाक मारली. "येतंय म्हणूक इसारलास! मी आसंय हो अजून!"

विठ्ठल पाणंदीत थांबला. पाठ तशीच. गोणपाट या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं.

"येतंय," तो म्हणाला, एवढ्या हळू की ते ओसरीपर्यंत पोचलं की नाही कोण जाणे, आणि चालू लागला. भिकाजी खुर्चीत पुढे वाकून, काजूच्या झाडीत पांढरा सदरा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला. सुलोचनेनं वाटेकडे पाहिलंच नाही. ती भिकाजीकडे पाहत होती.