आत्यांना मालिकेतलं घर आतून बघायचं होतं

मुंबईची सहल ठरली ती आत्यांच्या एका वाक्यावर. त्यांची रोजची मालिका नुकतीच संपली होती. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "हे घर एकदा आतून बघायचं हाय मला."

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. मी म्हटलं, "रोज आतूनच तर बघता की."

"टीव्हीत न्हाई. जाऊन."

मी आणि माझा नवरा संतोष एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मालिकेतलं ते घर गावाकडचं, जाड दगडी भिंतींचं, आणि आत्या दगडी घरात पाऊल ठेवत नाहीत. त्या किल्लारीच्या. भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर बसलं आणि संतोषची मोठी बहीण, मंदा, त्याखाली गेली. सात वर्षांची होती. संतोष तेव्हा अंगावर पिणारा, त्याला काहीच आठवत नाही. नांदेडला आमच्या फ्लॅटमध्येसुद्धा आत्या दाराजवळ गादी टाकतात आणि चपला उशाशी ठेवतात. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं, आम्हाला सवयीचं झालंय.

उदगीरला माझं माहेर, तेही दगडी. लग्नाला बारा वर्षं झाली, पण आत्या तिथे ओट्याच्या आत कधी आल्या नाहीत. चहा ओट्यावर, जेवण ओट्यावर, ओटीसुद्धा ओट्यावरच भरायची. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, तरी माझ्या आईचं मन काही मानत नाही. "भूकंप अख्ख्या जिल्ह्याला झाला," ती म्हणते, "आमचंच घर तेवढं पडायला बसलंय का?" मी दोघींच्या मध्ये. कुणाची बाजू घ्यावी, हे मला बारा वर्षांत समजलेलं नाही.

तर अशा बाईला दगडी घर आतून बघायचं होतं. मी जास्त विचारलं नाही, कारण आत्या स्वतःसाठी काही मागत नाहीत. साडीसुद्धा "हाय की" म्हणून परत पाठवतात. म्हटलं, नेऊया.

आता खरा घोळ सुरू झाला, आणि जे कुणी अशी सहल आखताहेत त्यांनी हा भाग नीट वाचावा. नांदेडच्या माणसाला कुठल्याही मोठ्या कामाला आधी हैदराबाद सुचतं. दवाखाना असो, लग्नाचा बस्ता असो, चला हैदराबादला. संतोषच्या ऑफिसातल्या सगळ्यांनी एकमुखाने तिथली चित्रनगरी सुचवली. एक तिकीट, दिवसभर फिरा, जेवणाची सोय आत. सगळं खरं, पण आत्यांचं मालिकेतलं घर मुंबईत होतं.

मुंबईच्या टूर शोधायला बसले आणि डोकं गरगरायला लागलं. स्टुडिओ टूर वेगळी, कलाकारांचे बंगले दाखवणारी टूर वेगळी, दोन्ही मिळून तिसरी, आणि चौथी अशी की तिच्यात नेमकं काय आहे ते चालवणाऱ्यालाही सांगता येईना. फोटो मात्र सगळीकडे तेच, एकाच लाल बसचे. पहिल्याला फोन केला, "अमुक मालिकेचा सेट दाखवता का?" तर म्हणाला, "मॅडम, सगळं दाखवतो." दुसरीकडे एक मुलगी बोलली. म्हणाली, "शूटिंग चालू असेल तर लांबूनच दिसेल. बंद असेल तर विचारून बघते. शब्द देत नाही."

शहाण्या माणसाने कुणाचं ऐकावं? मी पहिल्याचे पैसे भरून मोकळी झाले. नंतर कळलं की त्याच्या 'सगळं'मध्ये स्टुडिओच नाही, नुसते बंगले. मग त्या मुलीचीही टूर घेतली. तुम्ही बुकिंग करताना एवढं एकच विचारा, स्टुडिओच्या फाटकाच्या आत नेणार की फाटकापाशी फोटो काढून परत आणणार. संतोषला रजा नव्हती, म्हणून जाणार आम्ही दोघीच. दोघींचं, दोन्ही टूरचं मिळून, जाण्यायेण्याच्या रिझर्व्हेशनपेक्षा बरंच जास्त गेलं.

निघायच्या दिवशी आत्यांच्या हातात कापडी पिशवी आणि तिच्यात केळी. मी अर्धापूरच्या शाळेत शिकवते, तिथून केळी आमच्याकडे कायम येत असतात. मला वाटलं गाडीत खायला घेतलीत. एक काढायला गेले तर आत्यांनी हात धरला.

"ती न्हाई. ती त्या लोकायला."

"कुठल्या लोकांना?"

"ज्यांच्या घरी चाललोय त्यायला. रिकाम्या हातानं जायचं का कुणाच्या दारी?"

त्यांना सांगायला हवं होतं की आपण कुणाच्या घरी जात नसून घरं बघायला जातोय. पण या दोन गोष्टींतला फरक मला स्वतःलाच नीट मांडता येईना. शेवटी स्टेशनवर वडापाव खाल्ला.

सकाळी मुंबईत उतरलो. अंधेरीत हॉटेल आधीच बघून ठेवलं होतं. मी तळमजल्यावरची खोली मागितली तर काउंटरवरचा माणूस समजावत बसला, "वरच्या खोल्यांना हवा छान येते." मिळाली ती स्वयंपाकघराला चिकटून, दिवसभर फोडणीचा वास. आत्यांनी दार उघडून किती पावलांत बाहेर पडता येतं ते चालून पाहिलं आणि म्हणाल्या, "झ्याक हाय."

पहिला दिवस बंगल्यांचा. बारा-पंधरा माणसं मावतील अशी गाडी, पुढे माईक घेतलेला गाइड, हिंदीत सुसाट. जुहूला एका उंच फाटकासमोर गाडी थांबवून त्याने एका मोठ्या हिरोचं नाव घेतलं. सगळे उतरले, फोटो निघाले. तेवढ्यात मागे दुसरी गाडी आली. तिच्यातल्या गाइडने त्याच फाटकाकडे बोट दाखवून दुसऱ्याच हिरोचं नाव घेतलं. दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी आमच्या गाइडला विचारलं, "नक्की कुणाचा?" तो अजिबात न गडबडता म्हणाला, "मॅडम, पहले इनका था, अभी उनका है." पहिलं कोण आणि आत्ताचं कोण, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वरच्या गॅलरीत कुणीतरी हात हलवला. गर्दी ओरडली, मीही ओरडले. निरखून पाहिलं तर एक बाई फडकं झटकत होती.

आत्या या सगळ्यापासून लांब, फुटपाथच्या कडेला उभ्या. मला म्हणाल्या, "सुनीता, आपण लोकाच्या दारात उभं राहायलोत कामून? ते आत बलवंनात, आन आपण निघंना." मग तडक वॉचमनकडे गेल्या आणि पिशवीतली एक फणी काढून त्याच्या हातात दिली. "आत द्या. नांदेडहून आलोत म्हणावं." वॉचमनला मराठी फारसं येत नसावं. त्याने केळ्यांकडे पाहिलं, आत्यांच्या पायांकडे वाकून नमस्कार केला आणि फणी आपल्या खुर्चीखाली ठेवली. आत्या समाधानाने गाडीत येऊन बसल्या. आमच्या अख्ख्या गाडीत त्या घराशी रीतसर वागलेलं माणूस ते एकच, असं मला वाटलं. पण ते घर कुणाचं, हे मात्र मला आजही माहीत नाही.

बांद्र्याला आणखी चार फाटकं झाली. दुपारी एका उडप्याकडे इडली खाल्ली. संध्याकाळी समुद्र पाहिला तो फुकटचा, आणि दिवसभरात तोच सगळ्यांत आवडला. मी आत्यांना विचारलं, "उद्या त्या घरात जाल ना आत? दगडी आहे ते." त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "रोज जीव घाबरतो बघ बघताना. ती माणसं आत बसून जेवायलेत, हसायलेत. मला वाटतं, उठा, भाईर या. आन तरी बघावंच वाटतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "जाता येतंय का ते बघू."

म्हणजे आम्ही मुंबईला आलो होतो ते यासाठी. मी लगेच संतोषला फोन केला तर तो म्हणाला, "घाबरली तर लगेच परत ये, पैशाकडे बघू नको."

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या चित्रनगरीत ती फोनवरची मुलगी गाइड म्हणून भेटली. तिचं नाव प्रणाली. बसमधून एकेक दाखवत चालली होती: देऊळ, पाठीमागून तेच कोर्ट. पोलीस ठाणं, त्याच्याच अंगाला दवाखाना. पाटी बदलली की बँक. माझा पुरता गोंधळ उडाला. लग्नाच्या मांडवाला लागून स्मशान होतं. मी बाहेर बघत होते आणि आत्या पिशवी मांडीवर धरून सरळ समोर.

घराजवळ बस थांबली. प्रणाली कुणाशी तरी बोलून आली. "आज इथलं शूट नाहीये. पाच मिनिटं आत जाऊ देतायत, पण कशाला धक्का लावू नका."

सगळे भराभर आत गेले. आत्या दारापाशी थांबल्या. टीव्हीत दिसतं तसंच होतं ते, काळ्या दगडांची भिंत, मधे चुन्याच्या रेघा, जाड चौकट. आत्यांनी पिशवी छातीशी धरली. मी म्हटलं, "आत्या, राहू द्या. इथूनच बघू."

प्रणाली परत आली. तिला काय कल्पना असणार? मी तिला बाजूला घेऊन दोन वाक्यांत किल्लारी सांगितली. ती आत्यांजवळ जाऊन म्हणाली, "आजी, भिंतीवर टकटक करा ना."

आत्यांनी बोटाने वाजवलं. रिकाम्या पेटीसारखा आवाज आला. त्यांनी पुन्हा वाजवलं. मग दुसऱ्या दगडावर, तिसऱ्यावर. प्रणालीने कोपऱ्यातला एक सुटा दगड एका हाताने उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. पायरीएवढा मोठा दगड, थर्माकोलचा, वर काळा रंग.

"येवढंच वजन?"

"एवढंच, आजी."

आत्या आत गेल्या. मी मागे. त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मीही पाहिलं. घराला छतच नव्हतं. वर लोखंडी दांड्या, त्यांना टांगलेले दिवे, आणि त्याच्या वर शेडचे पत्रे, लांब उंचावर. जिथे माळवद असायला हवं, ते मातीचं जड छत, तिथे मोकळी हवा.

आत्या हसायला लागल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. मालिकेतली माणसं जिथे जेवायला बसतात तिथे जमिनीवर बसल्या, भिंतीला हात लावला आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

"माळवद न्हाई, दगूड न्हाई. काय पडलं आसतं लेकराच्या अंगावर? उठून खेळली आसती मंदी." मग बराच वेळ भिंतीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपलं घर लई खरं होतं गं."

मला रडू आवरेना. त्यांच्याशेजारी जाऊन बसले. प्रणाली इतरांना बाहेर घेऊन गेली होती. पाच मिनिटांची पंधरा झाली असतील, कुणी काही म्हटलं नाही. उठताना आत्यांनी उरलेली केळी चुलीजवळ ठेवली. चूलही खोटीच, लाकडावर रंग दिलेली.

परतीच्या गाडीत त्या शांत झोपल्या, आणि मी विचार करत बसले. आपण त्यांना नेलं ते चांगलं केलं की जखम उकरली? प्रवासवर्णनात शेवटी 'काय मिळालं' ते लिहायचं असतं. मला सांगता येत नाही. स्टुडिओ टूर घ्या, बंगल्यांची घेऊ नका, एवढं खात्रीने सांगते. मालिका आत्या आजही बघतात. पूर्वी भांडणाच्या प्रसंगाला त्यांचा जीव वरखाली व्हायचा, आता माझ्याकडे वळून म्हणतात, "भांडू दे. वर काईच न्हाई." गादी मात्र दाराजवळच आहे, आणि चपला उशाशी.

दिवाळीत आम्ही उदगीरला गेलो. माझ्या आईने सवयीने ओट्यावर सतरंजी टाकली, तोंड जरा फुगवूनच. आत्या सतरंजीवर बसल्या नाहीत. दारापाशी गेल्या आणि भिंतीवर बोटाने वाजवलं. कसलाच आवाज आला नाही. पुन्हा जोरात वाजवलं. बोट दुखलं असावं.

"खरी हाय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग आईला विचारलं, "विहीणबाई, वर काय हाय?"

"पत्रे," आई म्हणाली. "माळवद कधीच काढलं."

आत्यांनी चपला काढून हातात घेतल्या, उंबरा ओलांडला आणि दाराच्या अगदी लगत, आतल्या बाजूला बसल्या. चपला मांडीजवळ ठेवल्या. कपाळावर घाम होता. आईने दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, त्या वाऱ्याने मिटू नयेत म्हणून आतून पाटा आणून एकीला टेकवला, आणि चहाचा कप घेऊन आत्यांशेजारी उंबऱ्यापाशी बसली.