महाशिराला पाण्यातच भेटावे

बाजारात टोपलीतला मासा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. तोंड उघडतो, मिटतो आणि थोड्या वेळात गुदमरून मरतो. वास्तविक पाण्यात असतो त्याहून कितीतरी अधिक प्राणवायू हवेत असतो. मग एवढ्या हवेत तो गुदमरतो कशाने? लातूरच्या शाळेत मी हा प्रश्न दर वर्षी विचारतो. पण त्यापायी पौषाच्या थंडीत नांदेड गाठावे लागेल, असे वाटले नव्हते.

बोलावणे मुनीरवकिलांचे होते. हैदराबादेस कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहिलेलो. नांदेडच्या अंमलदारांच्या, गळाने मासे धरण्याच्या क्लबात त्यांनी एक नियम आणला होता: पिसे बांधून केलेल्या खोट्या माशीने मासा धरायचा, कौतुक करायचे आणि जिवंत सोडून द्यायचा. परंतु सोडलेले मासे खालच्या डोहात मरून तरंगू लागले. तेव्हा नियम मोडीत काढून मासे सरळ तळावेत, असा ठराव त्या जुम्म्याला रात्रीच्या जेवणानंतर येणार होता. त्याआधी वकिलांना कारण हवे होते.

लातूरहून अहमदपूर, लोहा असा मोटारीचा रस्ता आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी भाडे निजामाच्या हाली नाण्यात सुटे ठेवावे. इंग्रजी कलदार पुढे केला की ड्रायव्हर कुरकुरतो. अहमदपुरास गाडी बराच वेळ थांबते, तेवढ्यात भाकरी-पिठले उरकून घ्यावे, कारण पुढे खडी इतकी उखडलेली आहे की पोटात काही नसले तर मळमळते. नांदेडला उतरलो तेव्हा पाठ आणि उत्साह दोन्ही सारखेच ठेचलेले होते.

जुम्म्याच्या सकाळी टांग्याने नदीच्या वरच्या अंगाला, खडकाळ धारेपाशी गेलो. पाण्यावर वाफ होती. क्लबाच्या तंबूत खिचडी आणि अर्धापूरची केळी होती, आणि वकिलांची थट्टाही चालली होती. इंजिनियरसाहेब म्हणाले, "वकीलसाब के मुवक्किल बाइज्जत बरी होते, फिर मर जाते." सगळे हसले. वकीलही हसले, पण केळे अर्धेच खाऊन ठेवले.

पहिला मासा इंजिनियरांनीच धरला. सोनेरी खवल्यांचा, हातभर लांब महाशीर. गळाचा उलटा काटा घासून टाकलेला असल्याने जखम नाममात्र होती. इथवर सारे यथाशास्त्र. मग इंजिनियरांनी तो डॉक्टरांपुढे धरला, डॉक्टर म्हणाले, "पहले आप." दोघांच्या आग्रहातून तो मुन्सफांकडे गेला, तिथून काठावर खुर्चीत बसलेल्या, जिल्ह्याचे सर्वांत मोठे अंमलदार असलेल्या बड्या तालुकदारसाहेबांकडे. त्यांनी तो टेपने मोजला, दोन शब्द स्तुतीचे बोलले, आणि त्याच अदबीने मासा उलट्या क्रमाने पाण्यापर्यंत परत आला. सोडला तेव्हा तो कुशीवर कलंडला आणि धारेबरोबर वाहत गेला.

खाली नाव लावून बसलेला संभा नावाडी मला म्हणाला, "खायचं न्हाई तर धरताव कशाला, मास्तर? त्येला तरी झोपू द्या की थंडीत."

मी वकिलांना बाजूला घेऊन सांगितले, की तुमचे मासे गळाने नव्हे, शिष्टाचाराने मरत आहेत. माशाच्या कल्ल्यांत पातळ पापुद्रे असतात. पाणी त्यांना सुटे ठेवते. हवेत ते एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू शिरायला जागाच राहत नाही.

वकिलांनी डोळे मिटले. "मास्तरसाब, समझ गया मैं. मगर तालुकदारसाब को कौन बोलेगा?"

त्यांचे निम्मे खटले त्या साहेबांपुढे चालत.

दुपारी वकिलांच्याच गळाला महाशीर लागला. मंडळी हात पुढे करून काठावर आली, मध्यभागी तालुकदारसाहेब. वकील गुडघाभर पाण्यात वाकलेले, मासा प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही तळव्यांत. ते वर उठेनात. डॉक्टरांनी दोनदा हाक मारली. शेवटी मान न वळवताच वकील म्हणाले, "हुजूर, माफी. मुलाकात यहीं पानी में होगी."

मग तालुकदारसाहेब खुर्चीत बसले, आणि शिपायाने त्यांचे बूट काढायला सुरुवात केली. ते पाण्यात उतरले, थंडीने एकदा कळवळले, आणि वाकून त्यांनी माशाच्या पाठीला पाण्यातच बोट लावले. "जीते रहो," म्हणाले. महाशीर शेपटीचा एक फटकारा देऊन गेला.

एका माशावरून सिद्धांत मांडू नये. म्हणून मी संभाच्या नावेत बसून दिवस मावळेपर्यंत डोह न्याहाळत राहिलो. काहीतरी वर येऊ नये, याची वाट पाहण्याइतके थकवणारे काम दुसरे नाही. सकाळचा मासा तेवढा पोट वर करून तरंगत होता; त्याशिवाय काही वर आले नाही. रात्री जेवणानंतर ठराव बारगळला.

लातूरला परतून महिना झाला. वकिलांचे पत्र आले: नियम टिकला आहे, मात्र भेटीसाठी पाय भिजवावे लागतात, म्हणून क्लबात आता चारच जण येतात, तालुकदारसाहेब त्यांतले एक. माझी पाठ अजून दुखते. तरी मनात राहिली आहे ती वकिलांची न वळलेली मान.

तुम्ही घरी हे करून पाहा. चित्रकलेचा मऊ कुंचला पेल्यातल्या पाण्यात बुडवा, केस फुलतील. वर काढा, केस चिकटून एक टोक होईल. कल्ल्यांचे हेच होते. आता कुंचला वर काढतानाच स्वतःचा श्वास रोखा, आणि घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना, मानाच्या क्रमाने, तो दाखवून या.