रविवारचं मूल

मॅसॅच्युसेट्सच्या खाडीकाठच्या त्या वस्तीत मेहिटेबल टार्बेलने तीस वर्षांत तीनशेच्या वर बाळं हातात घेतली होती. पण रविवारची कळ म्हटली की ती आधी सूर्य कुठे आहे ते बघायची.

पाद्रीसाहेबांचं म्हणणं असं, की मूल ज्या वारी जन्मतं त्याच वारी पोटात राहिलेलं असतं. प्रभूच्या वारी, म्हणजे रविवारी, ज्या नवराबायकोला धीर धरवला नाही, त्यांच्या मुलाला बाप्तिस्मा नाही. जन्माची वेळ सांगायची सुइणीने, तीही देवाला साक्ष ठेवून. गेल्या हिवाळ्यात पिंपं करणाऱ्याच्या मुलीची रविवारची वेळ मेहिटेबलने खरी सांगितली. कपाळाला पाण्याचा थेंब न लागताच ती पोर सहाव्या आठवड्यात गेली. तिची आई अजूनही मेहिटेबल दिसली की रस्ता बदलायची.

आणि आज रविवारच. दुपारच्या प्रार्थनेची घंटा होऊन गेलेली, नि एनॉकची बायको हेप्झिबा खाटेचा कठडा धरून कण्हत होती. पहिलटकरीण.

"एनॉकला दुसरा वार नव्हता का मिळाला गं?" शेजारची रुहामा बाळंतपणासाठी केलेल्या बिअरचा घोट घेत म्हणाली.

"रुहामा, तोंड आवर."

पण मेहिटेबलचे डोळे भिंतीवर होते. उन्हाचा पट्टा वर चढत होता. तो तुळईला टेकला की सूर्य बुडाला, प्रभूचा वार संपला. अजून दोन वीत अंतर होतं.

"काकू, येतंय! जोर करू?"

"नको. दम धर, पोरी. तोंडाने फुंकर मारत राहा."

डोकं दिसत होतं. मेहिटेबलने त्यावर तळहात टेकवला आणि दाबून धरला. आयुष्यात तिने असं कधी केलं नव्हतं. मनात देवाचा धावा चालू होता. एक कळ गेली, दुसरी गेली. पट्टा काही सरकेना.

तिसऱ्या कळेला हेप्झिबाचे ओठ पांढरे पडले. तळहाताखालचं कातडं जांभळं दिसू लागलं.

"मेहिटेबल," रुहामाच्या आवाजातली चेष्टा पार गेली होती, "अगं, मारतेस का त्याला?"

चटका बसल्यासारखा तिने हात काढला. "जोर कर! आत्ता!"

मुलगा आला तो काळानिळा, गप्प. तिने तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, फुंकर घातली. कितीतरी वेळाने मांजराच्या पिल्लासारखा आवाज आला. भिंतीवर ऊन होतंच.

सोमवारी पाद्रीसाहेबांनी वही उघडली. "वेळ?"

मेहिटेबल त्यांच्यासमोर उभी होती. "रविवार. सूर्य होता." मग तिला थांबता येईना. "आणि साहेब, तो बुडावा म्हणून मी पोराचं डोकं दाबून धरलं. तुमच्या भीतीने. माझ्या हाताखाली मरत होता तो. तेही लिहा."

त्यांनी लेखणी शाईत बुडवली, पण लिहिलं काहीच नाही. "जा," एवढंच म्हणाले.

आठवडाभर ती दारावरच्या थापेची वाट बघत होती. सुईणपण जाईल, की वस्तीतूनच काढतील?

"बाप्तिस्म्याला न्यायचं का बाळाला?" रविवारी तिने एनॉकला विचारलं.

"पाद्रीसाहेब नको म्हणालेत का? मग न्यायचं, काकू."

रिवाजाप्रमाणे तिनेच मुलाला प्रार्थनाघरात नेलं, बापाच्या हाती दिलं आणि मान खाली घातली. पाद्रीसाहेबांची पावलं बाप्तिस्म्याच्या वाडग्यापाशी थांबली. मग वाडग्यातला बर्फ फोडल्याचा आवाज झाला, आणि गार पाणी लागताच पोरगं किंचाळलं.

मेहिटेबलने मान वर केली. मग त्याच तळहाताने तिने त्याचं ओलं डोकं पुसलं.